सोसायटीला अवकळा येते ती आधी हिशेबाच्या वहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडमधली १९९१ च्या सुमाराची तीन विंगची सोसायटी, ४८ फ्लॅट. तुमच्या लहानपणी आसपासचे लोक उदाहरण द्यायचे अशी. बाग, गणपती, दर काही वर्षांनी रंग, झाडून-पुसून लख्ख जिने. आता छज्जांचे तुकडे खाली पडतात, लिफ्ट सारखी बंद असते, जिन्याच्या भिंतींना पोपडे आलेत, निम्मे फ्लॅट भाड्याने गेलेत आणि कमिटीत यायला कुणी तयार नाही. आईबाबा अजून तिथेच राहतात. "माणसं बदलली म्हणून असं झालं का, आणि आता काही करता येईल का?" असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात बरीच वर्षं सोसायटीच्या कमिटीत काम केलंय, बहुतेक काळ खजिनदार म्हणून. त्या निमित्ताने आजूबाजूच्या सोसायट्यांच्या दुरुस्त्यांतही लक्ष घातलंय. माणसं बदलली हे खरंय. पण तुमची सोसायटी जेव्हा छान दिसत होती, तेव्हाच ती पुंजी खात होती, हे माझं ठाम मत आहे. ते कसं, ते आधी आकड्यांत सांगतो.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, प्रत्येक फ्लॅटकडून दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी घ्यायचा असतो. बांधकाम खर्च म्हणजे जमिनीची किंमत वगळून. बहुतेक जुन्या सोसायट्यांत हा खर्च इमारत झाली त्या वेळचाच धरतात. १९९१ साली तुमच्या एका फ्लॅटचा बांधकाम खर्च २ लाख धरू. सिंकिंग फंड झाला वर्षाला ५०० रुपये आणि दुरुस्ती निधी १,५०० रुपये. ४८ फ्लॅटचे मिळून वर्षाला ९६,००० रुपये. आज यात एका विंगचा ड्रेनेज पाइपही धड बदलून होत नाही. तीस वर्षं न चुकता सिंकिंग फंड भरला असला तरी मुद्दल साडेसात लाखांच्याही आतच राहतं. तीन विंगची गच्ची, छज्जे, पाइप आणि बाहेरचं प्लास्टर यांचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो.

उपविधींत लिहिलेला दर 'किमान' आहे. सर्वसाधारण सभेला तो वाढवता येतो, कुणाचीही आडकाठी नाही. तरी जवळजवळ कुणीच वाढवत नाही. "आपला मेंटेनन्स या भागात सर्वांत कमी आहे" हे वाक्य मी कितीतरी वार्षिक सभांत ऐकलंय आणि दर वेळी टाळ्या पडल्यात. इमारत नवी असते तेव्हा खर्चच नसतो, म्हणून कमी वर्गणीत भागतं. पण सिमेंट, पाइप, पंप, लिफ्टचा दोर हे सगळं त्या काळातही झिजतच असतं. त्या झिजेचे पैसे बाजूला पडत नाहीत, ते सभासदांच्या खिशात राहतात आणि त्याला आपण काटकसरीचा कारभार म्हणतो.

दुसरी गोष्ट हिशेबात कधी दाखवलीच गेली नाही, ती म्हणजे फुकटचे कष्ट. तुमच्या बागेला पाणी कोण घालायचं, पंप बंद पडला की इलेक्ट्रिशियनला कोण गाठायचं, टाकी धुताना गच्चीवर उन्हात कोण उभं राहायचं, हे जरा आठवून बघा. बँकेतून, एलआयसीतून, टेल्को-किर्लोस्करमधून किंवा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले काका असायचे ते. त्यांना हिशेब यायचा, कंत्राटदाराशी बोलता यायचं, आणि दिवसभर ते घरीच असायचे. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर भागातल्या जुन्या सोसायट्यांची एक आख्खी पिढी या लोकांनी चालवली. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण ते थकले तेव्हा त्यांच्या जागी पगारी मॅनेजर नेमायला हवा होता, आणि त्याचा पगार मेंटेनन्समध्ये धरायला हवा होता. 'आपल्यातलंच कुणीतरी बघेल' यावर सगळे थांबले. आज तो सेक्रेटरी ऐंशी-पंच्याऐंशीचा आहे, मुलगी पुण्याबाहेर आहे, आणि सोसायटीच्या फायली त्यांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत. हे चित्र मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय.

आता पाण्याविषयी, कारण इमारत पाणीच पोखरतं. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर असतो. त्यावर चायना मोझॅक असला तरी दहा-पंधरा वर्षांत सांधे सुटतात आणि पावसाचं पाणी स्लॅबमध्ये उतरायला लागतं. संडास-बाथरूमच्या नहाणी ट्रॅपभोवतीचं भरण निघतं, डक्टमधले (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतले) जुने बिडाचे पाइप सांध्याला गळतात. डक्टच्या भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं, तर तिथे बारमाही ओल आहे हे नक्की समजा.

छज्जा आधी का पडतो? तो पातळ असतो, तिन्ही बाजूंनी उघडा असतो, आणि सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम असतं. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून त्यातली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरला की तो अल्कधर्म जातो. मग ओल पोचली की सळईला गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग दिसते, मग तांबूस डाग, मग फुगवटा. फुगलेल्या जागी हातोडीने हलकेच ठोकलं की पोकळ, बद्द आवाज येतो. स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या वेळी इंजिनिअर ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतात. निरोगी भाग लगेच गर्द गुलाबी होतो, खराब झालेला भाग तसाच करडा राहतो. गुलाबी रंग सळईच्या किती मागे सुरू होतो ते समोर दिसतं. सभेत ज्यांना अहवालाची पानं पटत नाहीत, त्यांना ही चाचणी प्रत्यक्ष दाखवावी. माझ्या अनुभवात विरोध सगळ्यात जास्त तिथे मावळतो.

याच काळात बऱ्याच सोसायट्या काय करतात? रंग देतात. ओल्या, फुगलेल्या प्लास्टरवर लांबी (पुट्टी) भरून रंग. दोन पावसाळ्यांत पोपडे परत येतात, पैसे गेलेले असतात, आणि "दुरुस्ती करूनही काही उपयोग नाही" असं सगळ्यांचं मत झालेलं असतं. त्या मतामुळे पुढची दहा वर्षं जातात.

आणि मग येतं रिडेव्हलपमेंट. माझ्या मते अवकळेचं आजचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. एखादा बिल्डर येऊन जागा बघून जातो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढीव कार्पेट क्षेत्राचे आकडे फिरायला लागतात, आणि त्या दिवसापासून दुरुस्तीचा प्रत्येक विषय "आता पाडायचीच आहे तर खर्च कशाला" म्हणून बाजूला पडतो. पण प्रत्येक प्लॉटचं रिडेव्हलपमेंट होत नाही. पुण्यात तुमच्यासमोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी रुंद असेल तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही. मग बिल्डरचं गणित बसत नाही आणि तो फोन उचलणं बंद करतो. कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं) झालेलं नसेल, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचं नाव असेल, तर आणखी अडतं. मूळ मालक ते करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. तो रिडेव्हलपमेंट होवो न होवो, करून ठेवावाच. सगळं जुळलं तरी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सभा, प्रकल्प सल्लागार, निविदा, करार आणि परवानग्या यांत वर्षं जातात. तेवढे पावसाळे त्याच छज्जांना काढायचे असतात आणि त्यांच्याखालून तुमचे आईबाबा रोज जाणार असतात.

भाडेकरूंविषयीही बोलतो, कारण तुमच्या प्रश्नात तो सूर आहे. जिन्यात चपला पडल्या आणि रात्री आवाज झाला म्हणून कॉलम गंजत नाहीत. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेता येतं, ते घ्यावं आणि विषय संपवावा. अडचण मालक सभेला नसण्याची आहे. तरी बंगळुरूला किंवा अमेरिकेत राहणारे सभासद खर्चाला अडवतात हा समज बरोबर नाही. त्यांना फोटो, अहवाल आणि आकडे मेलवर नीट पाठवले की पैसे आधी त्यांचेच येतात. खरी अडचण असते ती तिथेच राहणाऱ्या वयस्कर सभासदांची. खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्याची ईपीएस-९५ ची (भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली) पेन्शन जेमतेम काही हजार असते. एकरकमी दीड-दोन लाख ते कुठून आणणार? म्हणून ते सभेत "गरज नाही" म्हणतात. परवडत नाही असं चारचौघांत म्हणणं जड जातं. अशांना २४ किंवा ३६ हप्ते द्यावेत, त्यांच्या घरी जाऊन बोलावं, आणि हे सगळं ठरावातच लिहावं. हे जिथे केलं तिथे काम झालं, जिथे त्यांना 'अडेलतट्टू' म्हटलं तिथे आजही भांडण चालू आहे.

आता करायचं काय ते. आधी कागद बघा: तुमची नोंदणी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली? पुण्यात दोन्ही भरपूर आहेत. अपार्टमेंट असेल तर खर्चाची वाटणी अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात होते आणि वर सांगितलेले निधीचे दर तसेच लागू होत नाहीत. सोसायटी असेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते. तुमच्याकडे दहा सह्या पुरतात. विषय एकच ठेवा: स्ट्रक्चरल ऑडिट. उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं ते दर तीन वर्षांनी व्हायलाच हवं, त्यामुळे विरोधाला फारशी जागा नाही. इंजिनिअर महापालिकेच्या यादीतला घ्या, आणि दुरुस्तीच्या कंत्राटदाराशी त्याचं काही नातं नाही ना ते पाहा.

इमारत दुरुस्त होण्यासारखी आहे असं निघालं, आणि नव्वदच्या दशकातल्या चार मजली इमारतींत ते पुष्कळदा निघतं, तर कामाचा क्रम सोडू नका. आधी लोंबकळणारे तुकडे पाडून घ्यायचे. मग गच्ची. मग डक्ट, पाइप आणि ज्यांच्या बाथरूममधून गळतंय त्यांची बाथरूमं. पाणी थांबल्यावरच काँक्रीट हाताळायचं: खराब भाग सळईच्या मागेपर्यंत फोडायचा, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत घासायची, गंजरोधक लेप द्यायचा, बाँडिंग लावून पॉलिमर मॉर्टरने भरायचं, आणि सळई फार झिजली असेल तर शेजारी नवी बांधायची. नुसतं सिमेंट थापणारा कंत्राटदार दिसला तर तिथल्या तिथे काम थांबवा. मग प्लास्टर, आणि रंग अगदी शेवटी. त्या वर्षी पैसे संपले तर रंग राहू द्या, इमारत कुरूप दिसली तरी चालेल. कंत्राट ढोबळ रकमेचं नको, प्रत्येक बाबीचा दर आणि मोजमाप यावर द्या, कारण फोडल्याशिवाय आतलं नुकसान कुणालाच कळत नाही. दिवाळीनंतर सुरू केलं तर मेअखेर उरकतं.

थकबाकीदार असतील तर त्यांना सोडू नका. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो, आणि थकबाकीवर उपविधींप्रमाणे २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. दुरुस्तीच्या ठरावाबरोबरच सिंकिंग फंडाचा नवा दर आजच्या बांधकाम खर्चावर ठरवून घ्या आणि एक अर्धवेळ पगारी मॅनेजर नेमा. हे दोन ठराव झाले नाहीत तर बारा-पंधरा वर्षांनी हाच प्रश्न दुसरं कुणीतरी विचारेल.

लिफ्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वार्षिक देखभालीचा करार आणि सरकारी विद्युत निरीक्षकांची तपासणी, दोन्ही चालू आहेत का एवढं सेक्रेटरींना विचारा. नसतील तर आईबाबांना जिनाच वापरायला सांगा.

आणि सभेची वाट न बघता या आठवड्यात एक कराच: ज्या बाजूचे छज्जे फुगलेत तिथे खाली दोरी बांधून ये-जा आणि गाड्या लावणं बंद करा, आणि प्रवेशाच्या वर जाळी मारून घ्या. त्याला हजारांतच खर्च येतो आणि कमिटी तो आपल्या अधिकारात करू शकते. कमिटीने टाळाटाळ केली तर छज्जांचे तारखेसह फोटो जोडून लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि त्याच पत्राची प्रत दाखवत दहा सह्यांसाठी दारोदार जायला लागा.