वजन रोज करावे की आठवड्यातून एकदा?

तुम्ही दिवसातून दोनदा वजन करता आणि अर्धा किलो वाढ दिसली की रात्रीचे जेवण टाळता, हे ऐकून मला काळजी वाटली. रविवारी झणझणीत मिसळ, पाव आणि पापड खाल्ल्यावर (आपल्या नाशकात ते टळणे कठीणच) सोमवारी काटा किलोभर जास्त दाखवू शकतो. परंतु एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० किलोकॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात, आणि एका न्याहारीने ते घडत नाही. ती वाढ मुख्यतः मिठामुळे शरीरात थांबलेल्या पाण्याची आणि अजून न पचलेल्या अन्नाची असते. शिवाय, साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (पावासारख्या पिष्टमय अन्नापासून बनून यकृतात व स्नायूंत साठणारी साखर) साधारण ३ ग्रॅम पाणीही साठते.

म्हणून सकाळी शौचास जाऊन आल्यावर, चहापूर्वी, सपाट फरशीवरील त्याच काट्यावर एकदाच वजन करावे. रोजचे आकडे लिहून सात दिवसांची सरासरी काढावी आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. आकड्यांनी मन खचत असेल, तर मात्र आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी केलेले वजन पुरेसे आहे. तो वार शक्यतो सोमवार नसावा. जेवण मात्र कृपया टाळू नका.