गोगलगायीतली मादी ओळखायची कशी?

औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलंय : "सोयाबीन दोन पानांवर आहे आणि शंखी गोगलगायी रात्रीतून ओळीच्या ओळी साफ करतायत. मजूर मिळत नाहीत. नर-मादी ओळखून फक्त माद्या वेचल्या तर निम्म्या कामात भागेल का?"

हिशेब डोकेबाज आहे, पण या जनावराला तो लागू पडत नाही. शंखी गोगलगाय उभयलिंगी असते. नराचे आणि मादीचे अवयव एकाच अंगात. दोन जुळल्या की दोन्ही अंडी घालू शकतात. वर मिळालेलं बीज ती महिनोन् महिने पोटात साठवून ठेवते. त्यामुळे तुमच्या वेचणीतून सुटलेली एकटी गोगलगायही पुन्हा जोडीदार न भेटता अंडी घालत राहते. बांधालगतची ओली माती तीन-चार बोटं उकरून पाहा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पिवळसर झुबका दिसेल, त्यात शंभर-दोनशे अंडी असतात. तो तिथेच चिरडा.

वेचणी पहिल्या पावसापासूनच सुरू करा, तीही दिवस मावळल्यावर किंवा उजाडायच्या आत. दिवसा त्या गवतात, दगडाखाली दडतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी रानात ठिकठिकाणी टाका, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे घालाच, कारण यांच्या अंगात मेंदूला इजा करणारा जंत असू शकतो. मीठ मात्र बादलीतच ठेवा. रानात फेकलंत तर गोगलगाय मरेल, पण जमीनही नासेल. फारच झाल्या असतील तर मेटाल्डिहाईड या गोगलगाय मारणाऱ्या औषधाच्या 2.5 टक्के गोळ्या, एकरी 2 किलो. या गोळ्या कुत्र्यांना, कोंबड्यांना, जनावरांनाही विषारी आहेत. त्यांना त्या रानाकडे फिरकू देऊ नका.

दुसरा प्रश्न : "काही शंख गडद पट्ट्यांचे, काही फिकट. दोन जाती आहेत का? औषध वेगळं लागेल?" नाही. खाद्य आणि वयाप्रमाणे शंखाचा रंग बदलतो. उलट, नवल वेगळंच आहे. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 साली शंखांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशस बेटावरून काही गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या तिथल्या बागेत सोडल्या गेल्या. अशा बेटांवरून जगभर पसरलेल्या या गोगलगायींचा डीएनए तपासला तेव्हा तो बहुतेक ठिकाणी जवळपास एकसारखाच निघाला. एवढ्या जवळच्या नात्यात पैदास झाली की वाण कमकुवत होतो, असं आपण गाई-म्हशींबाबत सांगतो. इथे तो नियम चाललेला दिसत नाही. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडच्या सोयाबीनची काय गत झाली, ती आपण पाहिलीच.

शेवटी, "गोगलगाय खाणारी गोगलगाय मिळते म्हणे, मागवू का?" अजिबात नको. हवाई बेटांवर 1955 साली यासाठीच गुलाबी गोगलगाय सोडली होती. शंखी तिथे आजही आहे, आणि त्या गुलाबीने तिथल्या अनेक देशी गोगलगायी मात्र खाऊन संपवल्या. असलं काही विकायला कोणी गावात आलं, तर घेऊ नका आणि आमच्या कार्यालयाला लगेच कळवा.