मावशीबद्दल लिहायचंय, पण हॉस्पिटलचं नाव नको म्हणे!

प्रश्न : ताई, माझी मावशी सरकारी मनोरुग्णालयात सिस्टर होती. १९८२ ला लागली, २०१६ ला परिसेविका, म्हणजे वॉर्डची मुख्य सिस्टर, म्हणून रिटायर झाली, लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच असायची. गेल्या पावसाळ्यात गेली. दहाव्याला घाटावर आमच्या ओळखीची नसलेली कितीतरी माणसं आली होती, एकजण तर रात्रभर एसटीने प्रवास करून आलेला, नमस्कार केला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. आता वर्षश्राद्धाला छोटीशी स्मरणिका काढायचीय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात. मामा म्हणतात 'आरोग्य खात्यात नोकरी' एवढंच लिही, हॉस्पिटलचं नाव नको, घरात लग्नाची मुलगी आहे. मावशीच्या ट्रंकेत वॉर्डातल्या दिवाळीचे फोटो आहेत, बरे होऊन घरी गेलेल्या पेशंटची पत्रं आहेत. छापू का?
– एक भाची, सातारा

उत्तर : अगं, आधी मामांचं बघू. ३४ वर्षं जिथे काढली ते नावच गाळलं तर उरलं काय, जन्मतारीख आणि गाव? तीच मावशी हार्टच्या वॉर्डात असती तर मामांनीच ठळक अक्षरात छापून घेतलं असतं ना. हॉस्पिटल, वॉर्ड, हुद्दा सगळं लिही. मावशीच्या नोकरीवरून मोडणारं स्थळ लग्नाआधीच मोडलेलं बरं, हे मामांना माझं नाव सांगून ऐकव खुशाल.

फोटोंचं मात्र सांभाळून. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, जो मे २०१८ पासून लागू आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे आणि त्याच्या संमतीशिवाय फोटो किंवा माहिती मीडियाला द्यायची नाही असंही आहे. तुझी स्मरणिका म्हणजे पेपर नाही हे खरं, पण तिची पीडीएफ दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर फिरणारच की. नुसता चेहरा ब्लर करून भागत नाही, गाव, धंदा आणि साल एकत्र आलं की चार माणसं बरोबर ओळखतात. स्टाफचे फोटो त्यांना विचारून घे, रांगोळीचे, आकाशकंदिलाचे घे. पत्रं छापू नकोस, आणि परवानगीसाठी त्या पत्त्यावर पत्र-फोनही नको, कारण पेशंटच्या बायकोला, किंवा पेशंट बाई असेल तर तिच्या सासरी, यातलं काहीही माहीत नसू शकतं. तो एसटीने आलेला माणूस कुणाशी न बोलता का गेला असेल, विचार कर. कुणी आपणहून येऊन 'माझं लिहा' म्हणालं तरच, आणि छापण्याआधी त्याला वाचून दाखव.

मग लिहायचं काय? काम लिही गं. 'प्रेमळ होती, सेवाभावी होती' हे दोन वाक्यांत उरक, ते सगळ्याच श्रद्धांजलीत असतं. मी बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलंय, त्यामुळे माझा यावर जरा रागच आहे. अमेरिकेत हिल्डगार्ड पेपलाऊ नावाच्या नर्स होत्या, नर्स आणि पेशंटचं नातं हाच उपचाराचा भाग आहे हे त्यांनी नीट मांडलं, पण पुस्तक लिहून झाल्यावर ते छापून यायला १९५२ उजाडलं, चार वर्षं अडकलं, का तर सोबत डॉक्टरचं नाव नव्हतं! म्हणजे नर्सला स्वतःची अक्कल असते हे तिकडेही पचत नव्हतं.

तिच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर, आया, वॉर्डबॉय यांना गाठ आणि बारीकसारीक विचार. गोळी गालात दाबून ठेवणारा पेशंट ती कसा ओळखायची, नाइटला कोण झोपलं नाही हे सकाळच्या हँडओव्हरला कसं सांगायची. एक उदाहरण देते, हे सायकियाट्रीच्या कुठल्याही सिस्टरने पाहिलेलं असतं. हॅलोपेरिडॉलचं, म्हणजे भ्रम, भास शांत करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिल्यावर एखाद्या तरुण पोराची मान एकदम वाकडी होते, डोळे वर जातात, जीभ जड होते, आणि घरचे म्हणतात अंगात आलं. हा त्या औषधाचा साइड इफेक्ट असतो, जाणती सिस्टर लांबूनच ओळखते, डॉक्टरांना बोलावते, त्यावर उतारा म्हणून फेनरगनचं इंजेक्शन भरून तयार ठेवते, आणि तोपर्यंत त्या घाबरलेल्या पोराला 'हे जाणार आहे, थांब' म्हणत त्याच्याजवळ बसते. इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळात मान सरळ होते. असं काही मावशीचं सापडलं तर अख्खं पान त्यालाच दे, फक्त पोराचं नाव-गाव नको.

आणि हो, साल विसरू नकोस. ती लागली तेव्हा १९१२ चा इंग्रजांचा 'लुनसी अ‍ॅक्ट', म्हणजे वेड्यांचा कायदा, चालू होता, त्याच्या जागी आलेला १९८७ चा कायदा प्रत्यक्षात १९९३ ला लागू झाला. जबरदस्तीने केस भादरायचे नाहीत, स्वतःचे कपडे घालायचा हक्क, हे तर २०१७ च्या कायद्यात लिहिलं गेलं, म्हणजे मावशी रिटायर झाल्यावर. त्याआधी तिच्या वॉर्डात बायकांच्या केसांचं काय होत होतं, तेल-फणी कोण आणत होतं, हे आयांना नक्की माहीत असणार.

प्रश्न : ताई, माझ्या भावाला बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी टोकाची उदासी) आहे, त्यासाठी लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. ओपीडीतल्या ज्या सिस्टरवर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास होता त्या अचानक वारल्या. आई म्हणते त्याला 'बदली झाली' सांगू. काय करू?
– एक वाचक, अकोला

उत्तर : खोटं सांगू नका. पुढच्या फॉलोअपला त्याला ते कळणारच आणि मग तुमच्यावरचाही विश्वास जाईल. आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, मग दिवसा, घरी कुणीतरी सोबत असताना, साध्या शब्दांत 'सिस्टर वारल्या' म्हणा. रडला तर रडू द्या, प्रत्येक रडणं म्हणजे आजार उलटला असं नसतं. पण झोप उडाली, बोलणं-खर्च वाढला, मरणाच्या गोष्टी करू लागला तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. तोपर्यंत १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

अजून एक. त्यांच्यासाठी उपास धरतो म्हणाला तर निर्जळी अजिबात नको. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या-जुलाब, हात जास्त थरथरणं, चालताना तोल जाणं असं काही दिसलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि तिथे लिथियमची लेव्हल तपासायला सांगा.