भोसरीतल्या बॉयलरसाठी धुतलेला कोळसा घेतला तर गंधकाचा त्रास संपेल का?

संपणार नाही, फार तर कमी होईल. धुण्याने फक्त पायराइटमधला (लोह आणि गंधकाच्या खनिजातला) गंधक निघतो, तोही सगळा नाही. पायराइट पाण्याच्या सुमारे 5 पट जड, कोळसा 1.3 ते 1.5 पट. म्हणून फोडलेला कोळसा मॅग्नेटाइटची (एका लोहखनिजाची) भुकटी कालवून जड केलेल्या पाण्यात सोडला की कोळसा तरंगतो, पायराइट आणि दगड तळाला जातात. चुऱ्यासाठी फेसाची पद्धत वापरतात, म्हणजे कोळसा हवेच्या बुडबुड्यांना चिकटून वर येतो, पण तिथे पायराइटही फेसाबरोबर वर येऊ पाहतो, त्याला चुना घालून दाबावं लागतं. कोळशात अगदी सूक्ष्म कणांनी रुतलेला पायराइट पिठासारखं दळल्याशिवाय सुटत नाही, आणि तेवढं दळणं कुणालाच परवडत नाही. सेंद्रिय गंधक तर कोळशाच्या रेणूंतच असतो, त्याला पाणी काय करणार! आसामच्या कोळशात बहुतांश गंधक याच प्रकारचा आहे. उलट गोंडवाना कोळशात (भारतातला बहुतेक कोळसा याच जुन्या थरांतला) तो सहसा 1 टक्क्याच्या आत असतो. तिथल्या वॉशरी (कोळसा धुण्याचे कारखाने) मुख्यतः राख कमी करण्यासाठी. त्यामुळे जादा पैसे मोजण्याआधी पुरवठादाराकडून पायराइटी आणि सेंद्रिय गंधकाचे आकडे वेगवेगळे मागा, नुसता 'एकूण गंधक' पुरत नाही.