‘कोइंब्रा’ या पोर्तुगीज गाण्याचा अर्थ काय? त्यातलं ‘सावदाद’ म्हणजे नेमकं काय?

पणजीतल्या फादोच्या (पोर्तुगीज गाण्याच्या एका प्रकाराच्या) मैफलीत तुम्ही हे गाणं ऐकलंत आणि मोबाइलने ‘भिंग म्हणजे गाणं’ असा अर्थ दाखवला, असं लिहिलंय. गाण्यातल्या ‘लेंत’ या शब्दाचा एक अर्थ भिंग हे खरंच, पण विद्यापीठात ‘लेंत’ म्हणजे प्राध्यापक. माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्राव (प्राथमिक शिक्षणाचा वरचा टप्पा) शिकले होते. हे गाणं लागलं की या शब्दापाशी ते हमखास थांबत आणि आम्हा नातवंडांना समजावून सांगत.

‘लेंत’चा उलगडा झाला की पुढचं सोपं आहे. कोइंब्रा हे मोंदेगु नदीकाठचं विद्यापीठाचं गाव. १२९० साली स्थापन झालेलं विद्यापीठ १५३७ पासून कायमचं तिथेच आहे. गाणं म्हणतं, हे शहर हाच एक धडा आहे, स्वप्नाचा आणि परंपरेचा. इथले प्राध्यापक म्हणजे गाणं, चंद्र म्हणजे विद्याशाखा, पुस्तक म्हणजे एक स्त्री. ते ज्याला उमगलं तोच पास. आणि इथे शिकायचं काय, तर ‘सावदाद’ म्हणायला.

गाण्यात ‘दोतोर’ येतात, ते आपल्याकडचे औषध देणारे दोतोर नव्हेत, पदवीधर. ‘शोपाल’ म्हणजे नदीकाठची पॉप्लरची राई. आणि ‘सुंदर इनेश’ म्हणजे इनेश द काश्त्रु. राजपुत्र पेद्रूचं तिच्यावर प्रेम होतं. त्याच्या बापाने, राजा आफोंसूने, १३५५ मध्ये तिला कोइंब्रात मारवलं. तिच्या अश्रूंचा झरा झाला, अशी दंतकथा आहे. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात ज्याचा पुतळा आहे, त्या पोर्तुगीज कवी कामोंइशने आपल्या महाकाव्यात ही कथा सांगितलीय. गाणं शेवटी शहरालाच म्हणतं, आम्हा गाणाऱ्यांसाठी प्रेमाचा झरा तूच.

तुम्ही याला पारंपरिक म्हटलंय, तेवढं मात्र बरोबर नाही. चाल राउल फेर्रांव यांची, शब्द जुझे गाल्यार्दू यांचे. १९४७ च्या ‘कापश नेग्रश’ (काळे झगे, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांचा पोशाख) या चित्रपटात ते आल्बेर्तू रिबैरू यांनी गायलं आणि फादो गायिका आमालिया रॉद्रिगश यांनी जगभर नेलं. इंग्रजीत ते ‘एप्रिल इन पोर्तुगाल’ झालं. चाल तीच राहिली, पण गाव हरवलं. मला ते ऐकवत नाही.

गोमंतकीयांना हे गाणं जवळचं वाटतं याला कारण आहे. इथले कितीतरी तरुण बोटीने कोइंब्राला कायदा शिकायला जात. त्यांतलेच मडगावचे आदेओदातु बार्रेतु. १९२८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथून ‘इंडिया नोवा’ नावाचं पत्र काढलं. पोर्तुगालच्या त्या विद्यापीठात बसून ही मुलं नव्या भारताबद्दल लिहीत होती. कोइंब्राचा विषय निघाला की मला गाण्याआधी ते पत्र आठवतं.

आता ‘सावदाद’. कोशात ‘विरह’ मिळेल. तो शब्द मला फार जड वाटतो. ‘हुरहूर’ जवळचा आहे, पण हुरहूर कशाची ते पुष्कळदा कळत नाही, सावदाद मात्र नेमक्या गावाची, माणसाची असते, आणि तिच्यात गोडवाही असतो. माझी आजी काणकोणची. जात्यावर बसून ती माहेरच्या ओव्या म्हणायला लागली की आजोबा पडवीतून म्हणायचे, “ऐका रे, ही सावदाद.”