खोडलेली ओळ परत घे

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

मध्य प्रदेशनं मुंबईला हरवलं त्या २०२२च्या रणजी फायनलवरचा तुझा लेख वाचला. कागदावर पाठवलास ते बरं केलंस, पेनानं काय काय खोडलंस ते दिसलं. दुसऱ्या पानावर ओळ होती, ‘मी नाचत होते, बाबा मुंबईसाठी गप्प बसले होते, आणि मला दोघांचंही बरोबर वाटत होतं.’ तिच्यावर दोन रेघा मारून तू वर लिहिलंस, ‘हा विजय मध्य प्रदेश क्रिकेटच्या इतिहासातील सुवर्णक्षण ठरला.’ अगं, हे वाक्य त्या सोमवारच्या कुठल्याही पेपरात मिळालं असतं. खोडलेलं मात्र तुझ्याखेरीज कुणाकडे नव्हतं.

इंदुरातल्या मराठी घरात त्या आठवड्यात काय चाललं होतं, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. एक काका दादरला, एक आत्या ठाण्याला, टीव्हीवर मुंबईचा संघ, आणि शेजारचा विचारतोय, ‘भिया, किसकी तरफ हो?’ त्यात एमपीचा कोच चंद्रकांत पंडित, म्हणजे मुंबईचाच माणूस. १९९८-९९ला याच बंगळुरूच्या मैदानावर एमपीचा कर्णधार म्हणून तो कर्नाटककडून फायनल हरला होता. २०२२ला तिथेच कोच म्हणून जिंकला आणि रडला. पंडितचे अश्रू सगळ्यांनी लिहिले. तूही तीन परिच्छेद लिहिलेस, चांगले लिहिलेस, पण ते उसने आहेत. तुझे डोळे त्या वेळी बाबांकडे होते. मग तिकडेच बघत लिही ना.

सामना बघताना मनात जे पहिल्यांदा येतं ते आधी उतरवून काढ. समालोचक काय म्हणाला, कोण काय ट्वीट करतंय, हे नंतर. एकदा का ते कानावर पडलं की आपलं काय होतं ते सापडत नाही. एमपीचा यश दुबे खेळत असताना तुला कंटाळा आला, असं तू समासात बारीक अक्षरात लिहिलंयस. ते समासात का? मुंबईच्या ३७४ धावांसमोर दुबे आणि शुभम शर्मा यांनी दुसऱ्या विकेटला २२२ धावा जोडल्या, त्याही घाई न करता. तुझा कंटाळा हीच तर मुंबईच्या गोलंदाजांची अवस्था होती. धावफलकातून हे कळत नाही, कंटाळलेल्या चाहत्याला कळतं.

आता आकड्यांबद्दल. मनावर भरवसा ठेव म्हणतो तो आकड्यांसाठी नाही. इंदूरच्या होळकर स्टेडियमवरच्या २०२३च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टेस्टचा तू जाता जाता उल्लेख केलास आणि लिहिलंस, ‘लायननं आपल्याला १०९मध्ये गुंडाळलं.’ पहिल्या डावात पाच विकेट घेतल्या त्या मॅथ्यू कुनमननं, फक्त १६ धावांत. लायनच्या आठ दुसऱ्या डावातल्या. लायन मोठा, म्हणून आठवणीनं सगळं श्रेय त्याला देऊन टाकलं. असलं काही लिहिलं की स्कोअरकार्ड उघडायचं, दर वेळी.

पण त्याच परिच्छेदात पहिल्या सकाळीच चेंडू असा वळताना बघून लाज वाटली, असं लिहिलंयस, त्याला हात लावू नकोस. आयसीसीनं ती खेळपट्टी आधी ‘खराब’ ठरवली, तीन दोषांक दिले. बीसीसीआयनं अपील केलं तेव्हा शेरा बदलून एकच दोषांक ठेवला. तुला वाटलेली लाज काही अपिलात कमी झाली नाही. आपल्या गावच्या मैदानाबद्दल वाईट लिहायला जीव धजत नाही, हे मला ठाऊक आहे. (१९९७च्या नाताळात नेहरू स्टेडियमवरची श्रीलंकेविरुद्धची वन-डे तीन षटकांतच खेळपट्टीपायी सोडून द्यावी लागली, तेव्हाही इथे पुष्कळ जण पिचची बाजू घेत होते.)

आणि ‘तटस्थपणे पाहता’ हे शब्द लेखात चार ठिकाणी आहेत. चारही काढ. तू तटस्थ नाहीस, वाचकालाही ते दिसतंय. १९४५मध्ये आपल्या इंदूरच्या मुश्ताक अलींना भारतीय संघातून वगळलं तेव्हा कलकत्त्याचे लोक ‘नो मुश्ताक, नो टेस्ट’ म्हणत अडून बसले, आणि निवड समितीला त्यांना परत घ्यावं लागलं. तटस्थ लोक घरी होते.

फक्त एक जप. आपली बाजू उघड घ्यायची म्हणजे समोरच्याचं चांगलं झाकायचं असं नाही. मुंबईच्या सरफराजच्या १३४ धावा तू अर्ध्या वाक्यात उरकल्यास. तुझे बाबा ज्या खेळीवर टाळ्या वाजवत होते ती हीच असणार. त्यांना विचार, काय आठवतंय ते. पंडितवरच्या तीनपैकी दोन परिच्छेद काढलेस की तेवढी जागा होईल.

शनिवारी मी घरीच आहे. नवा मसुदा घेऊन ये, आणि हा खोडाखोडीचा कागदही बरोबर आण. शेवटच्या पानावर आणखी काहीतरी खोडलंयस, ते मला वाचता आलं नाही.

तुझा,
काका