लिनक्समधील कॅश मेमरी दर तासाला रिकामी करावी का?

८ जीबी रॅमच्या संगणकावर ‘फ्री’ ही कमांड दिल्यावर जेमतेम ३०० एमबी मोकळे दिसतात आणि ‘बफ/कॅश’ या रकान्यात ५ जीबी अडकलेले दिसतात, म्हणून ही कॅश क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) लावून दर तासाला रिकामी करावी का, असे आपण विचारले आहे. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली कर्नल (लिनक्सचा गाभा) मोकळ्या रॅममध्ये राखून ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की त्यांतला बराचसा भाग लगेच सोडून देतो. त्यामुळे पाहायचा तो शेवटचा ‘अव्हेलेबल’ हा रकाना; स्वॅपला (रॅम अपुरी पडल्यास वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेला) हात न लावता नव्या प्रोग्रामांना किती मेमरी मिळू शकेल, याचा अंदाज तिथे असतो. आपण दिलेल्या माहितीत तो आकडा ४.६ जीबी आहे, म्हणजे मेमरीची टंचाई मुळीच नाही. दर तासाला कॅश पुसली, तर ब्राउझर उघडताना त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतील आणि संगणक उलट मंदावेल.

डिस्कचा खरा वेग मोजायचा असेल, तर मात्र कॅश रिकामी करणे रास्त आहे. अजून डिस्कवर न लिहिलेला डेटा या प्रक्रियेत काढला जात नाही, म्हणून आधी तो डेटा डिस्कवर लिहिणारी ‘सिंक’ ही कमांड चालवावी आणि मग पुढील कमांड द्यावी:

एको ३ | सुडो टी /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस (echo 3 | sudo tee /proc/sys/vm/drop_caches)

येथे १ दिल्यास फक्त पेज कॅश (फाइलींतला मजकूर) जाते, २ दिल्यास डेंट्री व आयनोड (फाइलींची नावे व माहिती यांच्या नोंदी) जातात आणि ३ दिल्यास दोन्ही. पुष्कळ जण ‘सुडो एको ३ >’ असे लिहितात आणि परवानगी नाकारल्याचा संदेश पाहून गोंधळतात. तिथे सुडोने मिळणारा प्रशासकाचा अधिकार फक्त एकोला मिळतो, फाइल उघडण्याचे काम मात्र आपले साधे शेलच (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) करत असते. एवढे करूनही कॅशचा आकडा मोठाच राहिला, तर ‘शेअर्ड’ हा रकाना पाहावा, कारण टेम्पएफएसमधील (मेमरीतच ठेवल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइल-व्यवस्थेतील) फाइली कॅशमध्येच मोजल्या जातात, पण अशा रीतीने निघत नाहीत.

संगणक खरोखरच अडखळत असेल, तर ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे स्वॅपचे रकाने थोडा वेळ पाहावेत. तिथे सतत शून्याहून मोठे आकडे येत असतील, तर ‘टॉप’ उघडून शिफ्टसह एम दाबावे; सर्वाधिक मेमरी खाणारा प्रोग्राम सर्वांत वर येतो.